लुइव्हिलला उचललेला रुमाल

सोमवार, १७ नोव्हेंबर

मला रोजनिशीची सवय नाही. गिऱ्हाइकांना पाठवायच्या चार ओळी सोडल्या तर तीस वर्षांत मी हातात पेन धरून बसलेलो नाही. पण माझा मेहुणा ड्वेन सकाळी माझ्या लाकडाच्या वखारीत आला. कालचं सगळं तारीख-वार घालून लिहून ठेव, पुढे लागेल, म्हणाला. ड्वेनचं सगळंच मी मनावर घेत नाही. त्याला अँटिगो गावच्या नळाच्या पाण्यातही कोणी तरी काही तरी कालवलेलं दिसतं. आज मात्र मला त्याचं पटलं.

काल लुइव्हिलला अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. लुइव्हिल चार गुणांनी पुढे, ओमाहाचा शेवटचा प्रयत्न, घड्याळात एक मिनिट बावन्न सेकंद. मी नेहमीप्रमाणे पार मागे, गोलरेषेजवळ उभा होतो. ओमाहाच्या क्वार्टरबॅकने उजव्या कोपऱ्यात उंच चेंडू फेकला. त्यांचा गडी तो घ्यायला वळला आणि लुइव्हिलच्या पोराने चेंडू पोचायच्या आधीच त्याचा दंड खाली ओढला. माझ्यापासून चार हातांवर. मी कमरेचा पिवळा रुमाल काढून गुन्ह्याची खूण म्हणून जमिनीवर टाकला. बारा वर्षं व्यावसायिक सामन्यांत पंच म्हणून उभा राहतोय, इतका सरळ गुन्हा क्वचितच पाहिला असेल. ओमाहाला गोलरेषेपासून एका पावलावर चेंडू मिळाला असता आणि तिथून त्यांनी सामना काढला असता.

तेवढ्यात गिल आर्चुलेटा मधून धावत आला. गिल आमच्या सातजणांच्या तुकडीतला, पुढच्या फळीवर नजर ठेवणारा पंच. त्याने मुख्य पंच डेसमंड व्हिटलोला बाजूला घेतलं. दोघं तोंडावर हात धरून बोलले. कॅमेरे ओठ वाचतात म्हणून सगळेच पंच असा हात धरतात, पण काल मला ते खटकलं. मग डेसमंड माझ्याकडे आला आणि त्याच हाताआडून त्याने मला विचारलं. मी म्हटलं, हो, अगदी खात्री आहे. त्याने मान हलवली, मैदानाच्या मधोमध गेला, कमरेचं बटण दाबून लाउडस्पीकरवर काही बोलला आणि दोन्ही हात फाकवून गुन्हा नाही अशी खूण केली. साठ हजार लोक एकदम ओरडले. माझा रुमाल मला स्वतःला वाकून उचलावा लागला.

कपडे बदलताना मी डेसमंडला विचारलं, असं का केलंस? तो बुटाच्या नाड्या सोडत होता. खाली मान घालूनच काही पुटपुटला आणि आंघोळीला गेला. गेल्या वर्षापासून तो फार पुटपुटतो. ज्याच्या मनात काही असतं तो माणूस असाच बोलतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आता कळलं काय रचलंय ते.

सामने भरवणाऱ्या लीगने सकाळी खुलासा दिला. चेंडू फेकल्यावर वाटेत लुइव्हिलच्या एका गड्याच्या बोटांना लागला, हे पंच आर्चुलेटांनी पाहिलं. हवेतला चेंडू असा कोणाला लागला की मग पुढे धक्काबुक्की झाली तरी तो गुन्हा धरत नाहीत. नियम मला पाठ आहे. पण टीव्हीवर आठ बाजूंनी ते दृश्य दाखवलं आणि एकाही बाजूने नक्की काही दिसत नाही. बोटं आणि चेंडू जवळ दिसतात, एवढंच.

हे मी नीट लिहून ठेवतो. चेंडू लागलेला ज्याला दिसतो त्याने त्याच क्षणी रेडिओवर तीनदा ओरडायचं असतं: टिप, टिप, टिप. म्हणजे मागे उभा असलेला माझ्यासारखा माणूस रुमाल काढत नाही. माझ्या कानात रेडिओ होता. आवाज शेवटपर्यंत चढवलेला होता. मी एक शब्द ऐकला नाही. म्हणजे गिल ओरडला नाही. ओरडला नाही म्हणजे त्याला काही दिसलं नाही. आणि दिसलं नाही तर त्याने हे माझा रुमाल पडल्यावर रचलं.

का रचलं, ते मला माहीत नाही. ड्वेनच्या मते जुगाराचे अड्डे चालवणारे लोक पंचांना धरतात. मी तेवढं म्हणत नाही. अजून तरी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

लीगने आम्हा सातही जणांकडून लेखी जबाब मागितला. मी लिहिलं: रेडिओवर टिपची सूचना दिली गेली नाही. मला विचारलं तेव्हा मी धक्क्याची खात्री असल्याचं सांगितलं. एवढंच लिहिलं, एक अक्षर जास्त नाही.

संध्याकाळी डेसमंडचा फोन आला. फोनवर तर तो आणखीनच गिळून गिळून बोलतो. मी त्याला लेखी पाठव म्हटलं. मग त्याचा मेसेज आला. "ऑरिन, मी तुला मैदानावर विचारलं होतं की टिप ऐकलीस ना. तू हो म्हणालास. जबाब परत घे. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

भल्यासाठी. नऊ वर्षं मी त्याच्या हाताखाली काम केलंय. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पहिल्या रांगेत होतो. त्याने मला असा मेसेज पाठवावा. मी तो जपून ठेवलाय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आमच्या तुकडीला लीगने या आठवड्यात घरी बसवलं. त्यामुळे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस कित्येक वर्षांनी मिळाला. पहाटेपासून ड्वेनबरोबर झाडावरच्या मचाणावर बसलो होतो. बर्फ भुसभुशीत होतं.

नऊच्या सुमाराला ड्वेनने माझी बाही ओढली. मी वळेपर्यंत मोठं शिंगाळ हरीण ओढा ओलांडून गेलं होतं. ते माझ्या मागून, अगदी मचाणाखालून गेलं म्हणे. ड्वेन वैतागला. म्हणाला, फांद्या मोडत चाललं होतं, बैलगाडी गेल्यासारखं, तू काय झोपला होतास का. मी म्हटलं, तुझ्या बाजूने गेलं असेल. त्याला स्वतःची संधी हुकलेली लपवायची होती.

मग थर्मासातली कॉफी पिताना मी त्याला सगळं सांगितलं. रेडिओचं, गिलचं, डेसमंडच्या मेसेजचं. दुसऱ्या कोणाला सांगणार? माझ्या बायकोपाशी, मार्लिसपाशी, हा विषय काढला की ती उठून जाते. ड्वेन मात्र मन लावून ऐकतो. माझ्याकडे तोंड करून, मोठ्याने, स्पष्ट बोलतो. त्याच्या पोटात काही नाही, म्हणूनच.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज थँक्सगिव्हिंग. टर्की चांगली झाली होती. मुलगी आणि जावई डुलुथहून आले होते. जेवताना सगळे एकाच वेळी बोलत होते. मी काही तरी उत्तर दिलं तर जावई माझ्याकडे बघतच राहिला आणि मुलीने विषय बदलला. मी हल्ली कोणाला चालत नाही.

जेवणानंतर मी दुपारचा सामना लावला. मार्लिस माझ्याजवळ बसत नाही आता. मी टीव्ही लावला की ती स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेते. पूर्वी आम्ही एका पांघरुणात बसून बघायचो. मध्यंतरात मी पाणी प्यायला उठलो तर ती तिथे नव्हती. कपडे धुवायच्या खोलीत पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. मी दारात आहे हे तिला कळलं नाही. फोन ठेवून वळली तेव्हा दचकली. डोळे लाल होते.

कोणाचा फोन, विचारलं. बहिणीचा, म्हणाली.

ती भांडी घासत असताना मी तिचा फोन पाहिला. असं करायची माझ्यावर वेळ आली, हेही लिहून ठेवतो. तो डेसमंडचा फोन होता. ऑक्टोबरमध्ये तीन, या महिन्यात सात. पहिला गेल्या फेब्रुवारीतला.

फोन परत जागेवर ठेवला. आधी आणखी पाहतो.

सोमवार, १ डिसेंबर

काल पोर्टलंडला सामना झाला. सातही जण पुन्हा एकत्र, पण गिल माझ्याशी बोलला नाही. त्याचं समजू शकतो, त्याला माझा जबाब कळला असणार. पण बाकीचे? सामन्याआधी उपाहाराच्या टेबलावर मी बसलो आणि बोलणं थांबलं.

डेसमंड मला जवळजवळ चिकटूनच होता. प्रत्येक सूचना द्यायला पळत मागे येई, समोर उभा राही, खांद्यावर हात ठेवी. इतरांना रेडिओवर सांगतो, मला मात्र तोंडावर येऊन. माझ्यावर पाळत आहे ही.

तिसऱ्या सत्रात एक विचित्र प्रकार झाला. खेळ थांबलेला असताना मी एकटाच पळत राहिलो. पंधरा-वीस पावलं. लोक हसले. कोणी तरी शिट्टी मुद्दाम हळू वाजवली, नाही तर माझं असं कसं होईल?

माझा रेडिओ मला दरवेळी डेसमंडच देतो. पेटीतून काढून स्वतःच्या हाताने. यापुढे मी दुसरा मागणार आहे.

बुधवार, ३ डिसेंबर

ओमाहाच्या एका वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर आलं. 'टिप नंतर बनवली: पंचांपैकीच एकाचं म्हणणं.' नाव नाही. पण रेडिओचं, जबाबाचं, डेसमंडच्या मेसेजातल्या शब्दांचंही सगळं होतं. गिलचं मात्र नाव होतं आणि फोटोही.

मी ड्वेनकडे गेलो. तो गाडीखाली तेल बदलत होता. बाहेर आला आणि सरळ कबूल केलं. म्हणाला, तू कधी बोलला नसतास, म्हणून मी बोललो. त्या वर्तमानपत्राचा बातमीदार गेले दोन आठवडे सगळीकडे विचारत होता.

मी रागवायला हवं होतं. थोडा रागावलोही. पण घरी येताना गाडीत मला हलकं वाटत होतं, हे खरं आहे. कोणी तरी ते मोठ्याने म्हटलं एकदाचं.

शनिवार, ६ डिसेंबर

गिल लास क्रूसेसला शाळेत गणित शिकवतो. परवा रात्री कोणी त्याच्या गॅरेजच्या दारावर लाल रंगाने 'चोर' लिहिलं. शाळेत पालकांचे फोन आले आणि मुख्याध्यापकांनी त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. हे मला डेसमंडच्या मेसेजमधून कळलं. शेवटी एकच ओळ होती. "आता तरी फोन उचल."

मी उचलला नाही. दिवसभर वखारीत मोठी करवत चालवत बसलो. तिथे बरं वाटतं. तिथे कोणीच काही बोलत नाही.

खोटं बोलला असेल तर त्याने भोगावं. पण त्याची धाकटी मुलगी आठ वर्षांची आहे. मागच्या उन्हाळ्यात तिने मला मक्याच्या सालीत शिजवलेला तामाले कसा सोलायचा ते दाखवलं होतं. ते दार तिनेही पाहिलं असणार.

मंगळवार, ९ डिसेंबर

विमानतळावर बसून लिहितोय. विमानाला अजून दोन तास आहेत. जसं झालं तसं लिहितो.

लीगच्या कार्यालयात चौकशी होती. पंचांच्या प्रमुख प्रुइट बाई, लीगचा वकील, डेसमंड आणि मी. गिलला बोलावलं नव्हतं. बाईंनी सांगितलं की या मोसमापासून रेडिओवरचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, फक्त ते आम्हाला कळवलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, सुटलो. आता सगळं बाहेर येईल. मी डेसमंडकडे पाहिलं, तर तो टेबलाकडे बघत होता.

बाईंनी टेबलावरच्या लहान स्पीकरवर ते लावलं. खरखर, गर्दीचा गोंगाट, पुन्हा खरखर. संपलं. मी खुर्चीत मागे टेकलो आणि म्हटलं, "ऐकलंत? काही नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, पकडले गेले.

बाईंनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावलं. वकिलाने डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग डेसमंड उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याचे गुडघे खराब आहेत, त्याला तसं बसता येत नाही. माझ्या डोळ्यांत बघत सावकाश म्हणाला, "ऑरिन, तो तीनदा ओरडलाय. आम्हा सगळ्यांना ऐकू येतंय."

मी हसलो. मी म्हटलं, तुम्ही तिघं एका टेबलावर बसून काहीही सांगाल. बाईंनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, टाइप तर काहीही करता येतं. मग मी उठलो, दार उघडलं आणि बाहेर गेलो. जिन्याजवळ एक माणूस शिडीवर चढून दिवा बसवत होता. जाड मिशा, कमरेला अवजारांचा पट्टा. मी त्याला विचारलं, फुटबॉल बघतोस का? म्हणाला, नाही, मी मासे धरतो. मी म्हटलं, दोन मिनिटं आत ये. तो आला. कोणीही त्याला काही सांगू नये, असं मी सगळ्यांना बजावलं.

बाईंनी लावलं. त्याने एकदाच ऐकलं.

"टिप, टिप, टिप," तो म्हणाला. "असंच म्हणतोय ना? केवढ्याने ओरडतोय." मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "जाऊ का मी?"

तो गेल्यावर मी त्या स्पीकरकडे पाहिलं. टाळी वाजली असती तर मला ऐकू आली असती. गर्दी मला ऐकू येत होती. फक्त माणूस ऐकू येत नव्हता.

बुधवार, १० डिसेंबर

विमानातून उतरून बसने गावी आलो, तर मार्लिस स्टँडवर न्यायला आली होती. घरी येऊन तिने मला खुर्चीत बसवलं आणि समोर बसली. तिला डेसमंडने सगळं कळवलं होतं.

तिने सांगितलेलं असं. गेल्या फेब्रुवारीत डेसमंडने तिला पहिल्यांदा फोन केला. ऑरिनला ऐकू कमी येतंय का, असं विचारलं. तिला तर त्याच्या आधी दोन वर्षं माहीत होतं. ती म्हणाली, कानांची तपासणी करूया असं मी तुला तीनदा सुचवलं होतं, तू म्हणालास लोक नीट बोलत नाहीत. डेसमंडने मग ठरवलं की हा मोसम कसा तरी पार पाडायचा. तो माझ्याजवळ येऊन बोलेल, खुणा करेल, बाकीच्या पाचजणांनाही सांभाळून घ्यायला सांगेल. मोसम संपला की मी मानाने निवृत्त होईन आणि मग हे सांगायचं. सगळ्यांना माहीत होतं. उपाहाराच्या टेबलावरच्या सगळ्यांना.

मी विचारलं, मला सरळ का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?" ती म्हणाली.

मला एकदम हसू आलं, आणि तिलाही. मग ती रडायला लागली आणि मी तिचा हात धरून बसलो. तिच्या फोनमध्ये डोकावलो होतो तेही सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत आहे, तू फोन उलटा ठेवला होतास.

डेसमंडने माझी उणीव लीगपासून लपवली, म्हणून त्याला उरलेल्या मोसमातून काढलंय. त्याने काही तक्रार केली नाही. त्याने दडवलं नसतं तर गिलवर ही वेळ आली नसती, हे मला कळतं. आणि त्याने माझ्यासाठी दडवलं, हेही कळतं. या दोन गोष्टींचं काय करायचं ते कळत नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

लास क्रूसेसला जाऊन आलो.

गॅरेजचं दार नवीन रंगवलेलं होतं, पण उन्हात खालची अक्षरं तांबूस दिसत होती. गिलने दार उघडलं. आत ये म्हणाला नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सगळं सांगितलं. टेपचं, शिडीवरच्या माणसाचं. माफी मागितली. त्याने हात छातीवर बांधून ऐकलं.

मग मी त्याला विचारलं, चेंडू खरंच लागला होता का?

तो माझ्याकडे बघत राहिला. "आता विचारतोयस," म्हणाला. "लागला. दोन बोटांना. चेंडू गरगरत चालला होता तो लडखडायला लागला. मला जेवढं दिसलं तेवढं मी ओरडलो."

मी म्हटलं, माझा विश्वास आहे.

"तुला ऐकू येत नाही याचा मला राग नाही, ऑरिन. माझ्या वडिलांनाही येत नव्हतं." तो प्रत्येक शब्द तोडून, माझ्या तोंडाकडे बघत म्हणत होता. "पण नऊ वर्षं आपण एकत्र जेवलो. तुला लीगला लिहिता आलं. मेहुण्याला सांगता आलं. मला एक फोन करून विचारता आलं नाही?"

विमानात चार तास त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. मी फोन का केला नाही? फोनवर मला कोणाचं बोलणं कळत नाही म्हणून, असं म्हणता येईल. पण मला ते माहीतच नव्हतं तर ते कारण कसं होईल? खरं म्हणजे तो खोटारडा आहे हे एकदा ठरवल्यावर मला बरं वाटत होतं. सगळ्या गोष्टी जागच्या जागी बसत होत्या.

त्याची बायको आतून आली आणि मला आत घेतलं. गिल माझ्याशी पुढे फारसं बोलला नाही. कॉफी मात्र त्यानेच ओतली.

बुधवार, १७ डिसेंबर

राजीनामा दिला. त्याबरोबर एक निवेदन लिहून लीगला दिलं आणि माझ्या नावानिशी छापा म्हटलं. प्रुइट बाईंनी विचारलं, कानांचं लिहायलाच हवं का? 'गैरसमज झाला' एवढं म्हटलं तर चालेल. मी म्हटलं, लिहायलाच हवं. मला ऐकू येत नव्हतं, आर्चुलेटा ओरडले होते, ध्वनिमुद्रणात ते स्पष्ट आहे, आणि दोष माझा आहे. असं चार वाक्यांत लिहिलं. लीगने त्याबरोबर टेपही प्रसिद्ध केली. संध्याकाळपर्यंत सगळीकडे आलं.

गिलची शाळा सोमवारपासून त्याला परत घेणार. जानेवारीच्या बाद फेरीत त्याला सामना मिळालाय.

दुपारी वॉसॉला जाऊन कानातली यंत्रं आणली. दवाखान्यातून बाहेर पडलो तर पायाखाली बर्फ केवढं कुरकुरत होतं.

रविवार, ४ जानेवारी

गिलचा सामना टीव्हीवर होता. मार्लिस माझ्याजवळ बसली होती. ड्वेनही आला, बरोबर चीजचा मोठा पुडा. तीन आठवडे तो आमच्याकडे फिरकला नव्हता. मीच बोलावलं होतं, कारण समोरासमोर सांगायचं राहिलं होतं.

गिल मैदानात आला आणि प्रेक्षक हुर्यो करायला लागले. थांबेचनात. एका बाईने 'टिप?' लिहिलेला फलक धरला होता. निवेदन छापून आलंय, टेप कोणीही ऐकू शकतो, तरीही. गिलने टोपी नीट केली आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. पहिल्या सत्रात त्याने दोनदा रुमाल टाकला, दोन्ही बरोबर होते, दोन्ही वेळा लोक ओरडले.

मध्यंतरात मार्लिस पाव गरम करायला गेली. मी ड्वेनला सगळं पहिल्यापासून सांगितलं. हरीण कोणाला ऐकू आलं नव्हतं तेही. यंत्र कानातून काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, अगदी निरखून, मग मला परत दिलं.

मी ते कानात बसवेपर्यंत तो थांबला. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे सरकला आणि हळू आवाजात, ओठही फारसे न हलवता म्हणाला, "त्यांनी तुला हे बोलायला लावलं ना? राहू दे, सांगू नकोस. मी समजलो."

आयुष्यात पहिल्यांदाच ड्वेन माझ्याशी कुजबुजला असेल. एकूण एक शब्द मला ऐकू आला.